दिनूभाऊजींचं कपाळ

दर रविवारी सकाळी अंघोळ झाली की आमचे दिनूभाऊजी स्वतःचं कपाळ मोजत.

थट्टा नाही. जिथे गंध लावतात तिथे काळ्या दोऱ्याचं टोक धरायचं, दोरा वर केसांपर्यंत न्यायचा आणि तिथे नखाने दाबून कात्रीने कापायचा. मग तो लाकडी फूटपट्टीवर ठेवून आकडा तीनदा मोठ्याने वाचायचा, आणि दोरा पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून खाली तारीख घालायची. हा पुठ्ठा त्यांच्या खोलीत गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगलेला असे. प्रत्येक दोरा आधीच्याहून जरासा लांब. दारातून पाहिलं तर किल्ल्याच्या पायऱ्याच.

दिनूभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. झाशीच्या छावणीतल्या एका कचेरीत कारकून. हाताखाली शिपाईसुद्धा नव्हता, पण दिवसभर फौजी कागद नकलून नकलून त्यांची जीभ फौजी झाली होती. त्यांचे केस कधी ‘गळत’ नसत. “डावीकडची चौकी पडली, वहिनी,” असं ते चहा पिताना सांगत. आवळ्याचं तेल म्हणजे रसद. आणि मी फिस्सकन हसले की बोट वर करून म्हणत, “माघार नाही. फेरआखणी!” आमच्या गावात मागे हटणाऱ्याला कुणी चांगलं म्हणत नाही, हे मान्य, पण त्याचा भार बिचाऱ्या एका कपाळावर का टाकावा?

उपाय म्हणाल तर कांद्याचा रस झाला, माका झाला, कलौंजी झाली. मग छावणीतल्या कुणीतरी अंड्याचं सांगितलं. भाऊजींनी पंच्यात गुंडाळून दोन अंडी घरात आणली, मोरीत बसून डोक्याला चोपडली आणि वरून कढत पाणी ओतलं. सासूबाईंच्या सोवळ्याच्या घरात पहिलं अंडं शिजलं ते भाऊजींच्या डोक्यावर.

इलाइट चौराह्याजवळचा त्यांचा न्हावी तर कात्री हातात घेऊन विचारायचा, “काए भैयाजू, काटें का? कछू होय तौ काटें!” भाऊजी शांतपणे सांगत, “किनारे-किनारे से. बीच में मत जाना.”

एक मात्र होतं. मापात खोट नाही. आमचे हे एकदा म्हणाले, “दिन्या, दोरा जरा ताणून धर की. पाव इंच वाचेल.” भाऊजी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, “दादा, मोजमापात लबाडी चालायची नाही. मग मोजायचंच कशाला?”

मी तेव्हा एकवीस वर्षांची, ग्वाल्हेरहून नुकतीच लग्न होऊन आलेली. वेणी कमरेखाली जाई. मी चालते म्हणून वेणी हलते की वेणी हलते म्हणून मी चालते, असा बघणाऱ्याला प्रश्न पडावा, इतका माझा तोरा. केस असलेल्या माणसाला अक्कलही असतेच, असं मला त्या वयात वाटे.

त्या उन्हाळ्यात सागरहून भाऊजींसाठी स्थळ आलं. पत्रिका जुळली होती, मुलीने फोटो पसंत केला होता. फोटो पाच वर्षांपूर्वीचा होता, ही गोष्ट वेगळी. मुलीचा फोटो भाऊजींनी फूटपट्टीच्या पेटीत ठेवला होता आणि पेटी दिवसातून चार वेळा उघडत होते. आता फक्त मुलीचे वडील आणि आत्या घर बघायला येणार होते.

आले. झाशीचं मे महिन्याचं ऊन, भिंतीसुद्धा तापलेल्या, आणि भाऊजी काळी टोपी घालून ताठ बसलेले. कानामागून घाम वाहतोय. मी पन्ह्याचे पेले घेऊन गेले आणि माझ्या जिभेला खाज सुटली.

“भाऊजी, किती उकडतंय! टोपी काढा ना. सगळी घरचीच तर आहेत.”

आणि ते ‘राहू दे, वहिनी’ म्हणायच्या आत मीच ती उचलली.

पुढचे उरलेसुरले केस त्यांनी डिंकाने कपाळावर बसवले होते. घामाने तो डिंक सुटून टोपीच्या अस्तराला लागला होता. टोपी वर गेली तसे केसही तिच्यासोबत वर गेले, आणि तसेच उभे राहिले. आत्याबाईंनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. मुलीच्या वडिलांनी छताकडे पाहिलं.

आठ दिवसांनी पत्र आलं. जुळलेली पत्रिका आता जुळत नव्हती.

मी आठवडाभर तोंडात पदर कोंबून हसत होते. भाऊजी मला एक शब्द बोलले नाहीत. रविवारी दोरा कापला, आकडा तीनदा वाचला, पुठ्ठ्यावर चिकटवला. त्यानंतर मात्र त्यांनी स्वतःचा फोटो कुठेही पाठवू दिला नाही. सागरच्या मुलीचा फोटो परत पाठवला, तो त्यांनी स्वतः टपालात टाकला.

दोन वर्षांनी मला मोतीझरा झाला. मुदतीच्या तापाला इकडे तसंच म्हणतात. ताप गेला आणि जाताना केस घेऊन गेला. उशीवर पुंजके, फणीत पुंजके. वेणीची दोरी झाली, कपाळ दोन्ही बाजूंनी उघडं पडलं. मी आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला, इकडच्या सुनांसारखा नाकापर्यंत घूँघट ओढला आणि खोलीचं दार लावून घेतलं. जेवण परत जाऊ लागलं. हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, “येतील गं परत.” अशक्तपणा इतका, की डॉक्टरांनी सासूबाईंना बाजूला बोलावून सांगितलं, खाल्लं नाही तर ताप उलटेल.

रविवारी सकाळी दार वाजलं.

“वहिनी, मी बघत नाही. पाठ करून बसलोय. दोरा आत सरकवतो, तुम्हीच मोजा.”

मला वाटलं, आता हा माणूस टोपीचा सूड घेणार. रडत रडतच दोरा कापला आणि दाराखालून बाहेर सरकवला.

“साडेतीन,” भाऊजी म्हणाले. एकदाच. हसले नाहीत. “पुढच्या रविवारी परत येतो. तोवर रसद तोडू नका. पोळी खा.”

दुसऱ्या रविवारी, “सव्वातीन! पाव इंच पुढे, वहिनी!”

“खरं?”

“मी कधी खोटं मोजलंय?”

त्या दिवशी मी दोन पोळ्या खाल्ल्या. तिसऱ्या रविवारी तीन इंच, चौथ्या पावणेतीन, पाचव्या अडीच. पाच रविवारांत इंचभर कपाळ केसांनी झाकलं, यावर विश्वास ठेवणारी ती बाई मॅट्रिक पास होती, बरं का. सहाव्या रविवारी मी पदर सावरून आपणहून बाहेर आले. आरसा सुलटा केला, तेव्हा कपाळाच्या कडेला खरोखरच लव उगवू लागली होती. पुढे केस आले, वेणी आली, तोराही थोडासा आला. टोपीबद्दल माफी मागायची मात्र राहून गेली. आज मागू, उद्या मागू, करता करता भाऊजी गेल्या हिवाळ्यात गेलेच. एकटेच राहिले शेवटपर्यंत, त्यांच्या पुठ्ठ्यासोबत.

त्यांची खोली आवरताना फूटपट्टीच्या पेटीत हिंगाची एक डबी सापडली. आत पाच काळे दोरे, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी. ‘वहिनी, पहिला रविवार.’ ‘वहिनी, दुसरा रविवार.’ मी ते जमिनीवर शेजारी शेजारी मांडले.

पाचही एकाच मापाचे. चौथा तर जरा लांबच.

मागून नात आली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदी. माझ्याकडे निरखून म्हणाली, “आजी, आपका माथा कितना बड़ा हो गया है!”

खरंच होतं. मी काळा दोरा मागवला, गंधाच्या जागी धरला, कापला, भाऊजींच्या फूटपट्टीवर ठेवला.

“सव्वातीन,” मी मोठ्याने वाचलं.

नातीने वाकून पाहिलं. “साढ़े तीन है, आजी! ग़लत पढ़ रही हो.”

“गप्प बस,” मी म्हटलं. “आमच्या घरात वहिनींचं कपाळ असंच मोजतात.”