करके दावो

आमच्या तेर गावच्या सरकारी दवाखान्यात कुणीही रोगी गेला, की त्याच्या आधी गुंडूअण्णा डॉक्टरांसमोर उभे असत. अण्णांना स्वतःला काहीही झालेलं नसे. ते दुभाषे होते, आणि त्यांना कुणीही नेमलेलं नव्हतं.

काळ निजामाचा. डॉक्टर हैदराबादचे, उर्दूशिवाय बोलायचे नाहीत. रोगी सगळे मराठी. या दोघांच्या मधल्या जागेत, आपलं कापडाचं दुकान बायकोवर टाकून, अण्णांनी स्वतःची सोय करून घेतली होती. मी त्यांचा शेजारी, शाळा उर्दूत शिकलेला. त्यांचं ते उर्दू मला ऐकवत नसे. तसं म्हटलं की अण्णा म्हणायचे, "उर्दू म्हंजे मराठीच की रं. नुस्ती टोपी घातल्याली."

टोपीखाली काय असतं ते सखूआत्याला कळलं. डॉक्टरांनी तिला पित्ताचं औषध 'खाली पेट' घ्यायला सांगितलं, म्हणजे उपाशीपोटी. अण्णांनी बाहेर येऊन बजावलं, "पोटाच्या खाली चोळायचं." बिचारीनं गुलाबी औषधाची अख्खी बाटली चोळून संपवली. मग बाबू कोष्ट्याला पाठदुखीचं मलम मिळालं. उर्दूत पाठीला 'पीठ' म्हणतात हे अण्णांच्या गावीही नव्हतं. बाबूच्या बायकोनं ते ज्वारीच्या पिठात मळून भाकरी थापली. कुत्र्यानंसुद्धा ती हुंगून सोडून दिली.

डॉक्टरांनी अण्णांना हाकललं. दुसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा हजर, नवा कायदा घेऊन: "साब, बोलो नको. करके दावो."

आणि डॉक्टर खरंच करून दाखवू लागले, हे त्यांचं मोठेपण. अचकन घातलेला तो भारदस्त माणूस गुळण्या करून दाखवी, स्वतःची पाठ चोळून दाखवी. अण्णा ओसरीत येऊन तेच करीत आणि रोग्याकडून करून घेत. धडधाकट माणसंही बघायला येऊन बसत. औषधांचे घोटाळे मात्र थांबले.

मग अण्णांच्या बायकोला, नागूकाकूंना, दुकानात बसल्या बसल्या धाप लागायला लागली. अण्णा त्यांना दवाखान्यात घेऊन आले, सोबत मी. डॉक्टरांनी तपासून काकूंना ओसरीत बसवलं आणि आम्हाला थांबवून घेतलं. ते बराच वेळ सावकाश बोलले. दुखणं फार पुढं गेलंय, औषधाचा आता उपयोग नाही. मला सगळं समजलं. अण्णांनाही समजलं असणार, कारण त्यांचा चेहरा उतरला होता. तरी ते हट्टानं म्हणाले, "साब, बोलो नको. करके दावो."

डॉक्टर उठले. त्यांनी अण्णांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि नुसते उभे राहिले. माझ्याच्यानं बघवेना.

बाहेर ओसरी भरलेली होती. काकूंनी विचारलं, "काय म्हनले सायेब?"

अण्णा त्यांच्याशेजारची जागा हातानं झटकू लागले. काकू दमल्या दमल्या हसल्या. "समद्या गावाला करून दावता. मला बी दावा की."

अण्णा त्यांच्याशेजारी टेकले आणि सगळ्यांदेखत त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्या काळी आमच्याकडं कुठल्या नवऱ्यानं असं केलेलं मी पाहिलं नव्हतं. काकू पदर पुढं ओढत पुटपुटल्या, "सोडा की. लोकं बघतेत."

"बघू दे," अण्णा म्हणाले. "सोडायचं कसं, ते सायबानं दावलंच न्हाय."