परबकाकांचा थंडावा

परबकाकांच्या घराची बेल वाजवली की दार उघडत नाही. आतून प्रश्न येतो, "किती जाणा आसत?" कारण दार एकदाच उघडणार. आमच्यातला एखादा खाली गाडी लावत असेल, तर बाकीच्यांनी मस्कतच्या अल हैल भागातल्या उकाड्यात जिन्यावर त्याची वाट पाहायची. मग दार वीतभर किलकिलं होतं, "यल्ला, बेगीन" असा हुकूम येतो आणि आम्ही तिरके होऊन एकेक आत शिरतो.

"थंडावो म्हणजे पावणो," काका म्हणतात. "इलो की तेका जाऊक देऊचो नाय."

काका मूळचे वेंगुर्ल्याकडचे. मस्कतमध्ये हिशेब लिहिता लिहिता केस पिकले. काकू गेल्यापासून एकटेच. एकुलती एक मुग्धा लग्न करून कॅनडाला गेली. "कॅनडा म्हणजे फ्रीज," असं ते मोठ्या अभिमानाने सांगत. "तिच्या घराक एसीच नाय. गरजच काय?"

इकडे मात्र थंडाव्याचा संसार. धुळीचे वारे सुटले की खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी, काचांना चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद, दाराखाली जुन्या लुंगीची वळकटी. एसीची जाळी ते तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी धुतात. स्वयंपाक उजाडायच्या आत उरकतात, म्हणजे शेगडीची धग दिवसभर घरात राहत नाही.

यंदा मात्र कहर झाला. काकांनी घरातले सगळे एसीच बंद केले. नेहमीप्रमाणे शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जेवायला गेलो तर सगळ्यांना एका आतल्या खोलीत कोंबलं. टेबलफॅनच्या पाठीला हवा गाळायचा चौकोनी फिल्टर चिकटपट्टीने बांधलेला, दोरीवर ओले टॉवेल. अल हैलची हवा आधीच दमट, त्यात हे टॉवेल. खोलीचं मोदकपात्र झालं. पापड उचलला तर रुमालासारखा लोंबला. आणि सुरमई चक्क उकडलेली.

"तळल्यार घरात धूर होता," काका म्हणाले.

मालवणी माणसाने सुरमई उकडावी, हे काही मला बघवेना. देवासमोर अगरबत्ती होती, पण न पेटवलेली. "देवाक तसोच वास कळता," काकांनी खुलासा केला.

"कवडीचुंबक मेला," परतताना बायको म्हणाली. माझं मत पडलं, डोकं फिरलंय. पुढच्या शुक्रवारी कोणीच गेलं नाही. त्याच्या पुढच्याही.

काका एकटे जेवत असतील, हे काही डोक्यातून जाईना. एका संध्याकाळी गेलो.

"किती जाणा?"

"मी एकटाच."

काका बनियनवर, घामाने निथळत होते. आतल्या खोलीत फोन तांब्याला टेकवून ठेवलेला, त्यात मुग्धा. तिच्याकडे सकाळ होती, पण मागची खिडकी पिवळट तपकिरी दिसत होती. तिकडची जंगलं पेटली होती आणि धूर गावावर उतरला होता.

"बाबा, डोअरखाली टॉवेल लावला. विंडोज सगळ्या क्लोज. पण आत खूप गरम होतं."

"खिडकी उघडू नको. एकच खोली धर. फिल्टर पंख्याच्या मागे, तेच्यावरचो बाण पंख्याकडे. ओलो टॉवेल हयसर जमाक नाय. तुझी हवा सुकी आसा, थयसर जमतला. आणि मासो तळू नको गो. अगरबत्ती पण नको."

"ओके. बाबा, पिल्लू काल रात्री कमी खोकलं."

काका नुसतीच मान हलवत राहिले. फोन बंद झाल्यावरही.

"काका, घरात एसी असताना हे असं का बसायचं?"

"तिच्या घराक नाय ना," ते म्हणाले. "ह्या उकाड्यात माणूस बसाक शकता काय, ता आधी बघूक नको? ल्हान पोर आसा थयसर. तोंडान सांगूक काय जाता?"

फ्रीजचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. माझी नजर रिमोटकडे गेलेली त्यांनी पाहिली.

"तिकडचो धूर गेलो की लावया. इन्शाल्ला."

मी अजून खोलीच्या दारातच उभा होतो.

"बस रे. आधी दार लाव," काका म्हणाले. "थंडावो भायर जाता."

आत तवा तापावा तसं तापलं होतं. मी दार लावलं, लुंगीची वळकटी पायाने फटीत सरकवली आणि त्यांच्या शेजारी बसलो.