नेहेते सरांची मंडळी

नेहेते सर प्रयोगशाळेत शिरले की त्यांचा पहिला नमस्कार विद्यार्थ्यांना नसायचा, कपाटातल्या झाकणाच्या काचेच्या बशांना असायचा. "नमस्कार मंडळी! जेवणं झाली का?" असं म्हणून ते एकेक बशी उजेडात धरायचे, खुशीत मान हलवायचे आणि मग कुठे मागे वळून विद्यार्थ्यांना म्हणायचे, "हां, तुम्हीही आलात वाटतं!"

मंडळी म्हणजे जिवाणू. सरांच्या तोंडी जंतू हा शब्द कधी यायचा नाही. कुणी चुकून म्हटलाच, तर आपल्या सोयऱ्याला कुणी शिवी दिल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

आमच्या ह्यांची बँकेतली बदली सुरतेला झाली आणि मी तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले, ती सत्तरच्या आसपासची गोष्ट. स्टाफरूममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. सर मूळचे खानदेशातले, यावलकडचे. वय चाळिशीचं, लग्न झालेलं नाही. उंच, काटकुळे आणि सदऱ्याचे खिसे कायम फुगलेले. त्या खिशांत पेन सापडायचं नाही, पण औषधाच्या रिकाम्या बाटल्या चार-पाच तरी निघायच्या. रस्त्याने चालता चालता मधेच थांबायचे, उकिडवे बसायचे आणि चमच्याने माती उकरून बाटलीत भरायचे. एकदा आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात सर गायब झाले. शोधलं तर मांडवामागे, उष्टं टाकतात तिथे हे चमचा घेऊन बसलेले.

"सर, लोक काय म्हणतील!" मी म्हटलं.

"ताई, खरी पंगत इथं बसली आहे, बरं का. पुढची मंडळी नुसती आहेर घेऊन आलीत."

त्यांचं लग्न का झालं नाही, हे मला एकदा त्यांनीच सांगितलं. मुलीचे वडील त्यांची नोकरी बघायला थेट प्रयोगशाळेत आले होते. सरांनी मोठ्या प्रेमाने त्यांचा पंजा एका बशीवर टेकवून घेतला आणि दोन दिवसांनी ती बशी त्यांच्या उतरल्या घरी नेऊन दाखवली. बशीत पाच बोटांच्या आकाराची पिवळी-पांढरी वस्ती उगवली होती. "बघा, तुमच्या हातावर केवढं कुटुंब नांदतंय!" ते गृहस्थ दुपारच्याच गाडीने परत गेले.

एवढ्यावर शहाणपण यावं की नाही? पण हाच प्रयोग सरांनी आमचे प्रिन्सिपॉल देसाईसाहेब यांच्यावर केला. देसाईसाहेब म्हणजे टापटिपीचा माणूस, टेबलावर धुळीचा कण चालायचा नाही. त्या टेबलावर एका सकाळी त्यांच्याच पंजाची बशी आली.

"नेहेतेभाई, आ शुं छे?"

"साहेब, ही तुमची मंडळी."

त्या दिवशी साहेबांनी जेवणापूर्वी तीनदा हात धुतले, असं शिपाई सांगत होता. नेमका त्याच सुमारास सरांचा नवा अभ्यासक्रम मंजुरीसाठी साहेबांच्या हाती होता.

आज ज्याला जैवतंत्रज्ञान म्हणतात, तो शब्द तेव्हा आमच्याकडे कुणी ऐकलेलाही नव्हता. सरांनी आपल्या कागदावर साधं नाव लिहिलं होतं, 'सूक्ष्मजीव आणि त्यांचे उपयोग: ओळख'. सगळे हसले. वनस्पतिशास्त्रवाले म्हणाले, हे आमच्यात येतं. प्राणिशास्त्रवाले म्हणाले, हे आमच्यात नको. अखेर विद्यापीठाने एक वर्षापुरती परवानगी दिली, तीही एका अटीवर. वर्षअखेर समिती येईल, या शिक्षणाचा प्रत्यक्ष उपयोग काय ते बघेल आणि पटलं नाही तर वर्ग बंद.

वर्गाला नऊ मुलं आली. पहिलं प्रात्यक्षिक ढोकळ्याच्या पिठाचं. पीठ का फुगतं, कोण फुगवतं, किती वेळात फुगवतं, हे सगळं मोजून मुलांनी वहीत लिहिलं आणि मग ढोकळा वाफवून खाल्ला. त्याचा वास साहेबांच्या खोलीपर्यंत गेला. "कॉलेज छे के फरसाणनी दुकान?" साहेबांनी खिडकीतून विचारलं. सर म्हणाले, "साहेब, मंडळींनी केलाय, चाखून तर बघा!" साहेबांनी खिडकी लावून घेतली.

त्या नऊ मुलांत निर्मला होती. सुरतेच्या उधन्यातल्या खानदेशी कामगारांच्या चाळीतून यायची, फार कमी बोलायची. एकदा सरांनी विचारलं, "तुमच्या घराजवळ असं कोणतं काम आहे, जे आपली मंडळी जास्त चांगलं करतील?" निर्मला उभी राहिली. "सर, माझे आप्पा कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये आहेत. विणताना सुताला खळ लावलेली असते, ती काढल्याशिवाय कापडावर रंग बसत नाही. त्यासाठी तिथे कापड तेजाबाच्या टाकीत टाकतात. आप्पा त्या टाकीवर असतात. तेजाबानं कापडही विरतं."

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. "खळ म्हणजे पीठच की. आणि पीठ खाणारी मंडळी या मातीत नसतील, असं होईलच कसं?"

तेव्हापासून त्या वर्गाला दुसरं काही सुचेना. नऊ मुलं आणि एक मास्तर उधना, भेस्तान, बमरोली पालथं घालू लागले. खानावळींमागची माती, पिठाच्या गिरणीजवळची माती, काही विचारू नका. ती माती पाण्यात कालवायची, त्या पाण्याचा थेंब पिठाच्या बशीत पसरायचा आणि दोन दिवसांनी वर आयोडीन ओतायचं. आयोडीन लागलं की पीठ गडद निळं होतं. ज्या मंडळींनी पीठ खाल्लं असेल, त्यांच्याभोवती मात्र निळं न झालेलं गोल कडं दिसतं. माझ्या कपाटातलं आयोडीन महिन्याभरात संपलं. बशा निळ्याच्या निळ्या. कुठे कडं दिसलंच तर मोहरीएवढं.

समिती यायला तीन आठवडे उरले होते. एका सकाळी निर्मला धावतच आली. हातात बशी, तिच्यात रुपयाएवढं स्वच्छ कडं. माती कुठली? तिच्याच चाळीच्या मागची. तिची आई तिथे वर्षानुवर्षं भाताची पेज ओतत होती.

सरांनी बशी दोन्ही हातांनी कपाळाला लावली. "आलात! किती वाट बघायला लावलीत, मंडळी!"

आता ही मंडळी मोठ्या प्रमाणावर वाढवायला हवी होती. त्याची यंत्रं आमच्याकडे कुठली? सरांनी दुधाचे चार मोठे कॅन आणले, कोंड्याचं पाणी उकळून त्यांत भरलं आणि हवा सोडायला माशांच्या काचपेटीतले पंप लावले. प्रयोगशाळेत दिवसभर बुडबुड आवाज. वासामुळे वनस्पतिशास्त्रवाले दुसऱ्या मजल्यावर गेले.

निर्मलाच्या आप्पांनी आपल्या कारखान्याच्या शेठना गळ घातली आणि शेठनी कापडाचा एक ताका द्यायचं कबूल केलं. सर म्हणाले, समितीने कॉलेजात कशाला यायचं? थेट उधन्यालाच यावं.

त्या दिवशी कारखान्याच्या आवारात तिघांची समिती, देसाईसाहेब, शेठ, अर्धे कामगार आणि आम्ही सगळे जमलो. कॅनमधलं गढूळ पाणी गाळून, कोमट करून टाकीत ओतलं आणि ताका बुडवला. ते भाताच्या पेजेसारखं पाणी बघून फोरमन म्हणाला, "आ ओसामण शुं करवानुं?" सगळे हसले. नऊ मुलांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सर टाकीशी वाकून काहीतरी पुटपुटत होते. मला एवढंच ऐकू आलं, "सावकाश जेवा, घाई नाही."

दोन तासांनी ताका धुतला. देसाईसाहेब न राहवून पुढे आले, आयोडीनची बाटली त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. आधी खळीच्या कापडावर थेंब टाकला. गडद निळा डाग. मग धुतलेल्या कापडावर. थेंब चहासारखा तांबूस राहिला. दुसरा थेंब, तोही तांबूस. साहेब ताक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत थेंब टाकत गेले. निळं कुठेच नाही.

समितीचे अध्यक्ष संशयी होते. "आयोडीन जुनं असेल," ते म्हणाले आणि खात्रीसाठी त्यांनी एक थेंब आपल्याच कडक इस्त्रीच्या बाहीवर टाकला. बाहीला धोब्याने भरपूर कांजी घातलेली. बाही तत्काळ निळीशार झाली!

अध्यक्षांनी बाही वर धरून बघितली. मग तेच खो खो हसत सुटले आणि कामगारांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की शेजारच्या कारखान्यातले लोक कुंपणाशी आले. शेठनी कापड दोन्ही हातांनी ताणून बघितलं. विरलं नव्हतं. फोरमनला म्हणाले, "आता हेच वापरायचं. तेजाबाची टाकी बंद." देसाईसाहेबांनी सरांना मिठी मारली, टापटीप विसरून, त्या आंबूस वासासकट. "नेहेतेभाई, कोर्स पाको!"

आणि झालाच तो पक्का. पुढच्या जूनमध्ये वर्गात बाकं पुरेनात.

त्या दुपारी समिती गेल्यावर आम्ही कापडाच्या गठ्ठ्यांवर जेवायला बसलो. निर्मलाच्या आईने भाकरी आणि भरीत पाठवलं होतं. आप्पा सरांच्या शेजारी बसले, तेव्हा मी त्यांचे हात पहिल्यांदा बघितले. बोटं तेजाबाने पांढरी पडलेली, पेरांना भेगा, दोन नखं नव्हतीच.

सरांनीही ते बघितले. त्यांनी आप्पांच्या ताटातली भाकरी उचलली, बारीक कुस्करली, तिच्यात भरीत कालवलं आणि ताट पुन्हा आप्पांपुढे सरकवलं.

आप्पा ओशाळले. "माले खाता येस, सर."

"माहीत आहे, आप्पा." सर त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "माझे वडील गिरणीत अशाच टाकीवर होते. शेवटी शेवटी त्यांना घास धरता यायचा नाही. आई कामाला जायची, मग मी कुस्करून द्यायचो. सात वर्षांचा होतो."

आप्पांनी एक घास उचलला, सावकाश खाल्ला, मग सरांचं ताट आपल्याकडे ओढलं आणि म्हणाले, "आते तुम्हीबी जेवा, भाऊ."

त्या भेगाळलेल्या बोटांनी ते सरांची भाकरी मोडू लागले, आणि सरांनी मोडू दिली.