जीपला अर्थ नाही

"दोन दिवे, चार तारा आणि एक बटण. एवढ्याशा कामाला मिस्त्री बोलावला तर लोक हसतील आपल्याला," असं नवऱ्याने रविवारी सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं आणि तान्ह्या भुंगीला लंगोट बांधणारे तिचे हात जागच्या जागी थांबले. 'एवढंसं काम' हे शब्द तिने या तोंडून आधीही ऐकले होते. मागच्या एवढ्याशा कामानंतर महिनाभर न्हाणीघरातला नळ सोडला की स्वयंपाकघरात पाणी यायचं!

ती गुरांची डॉक्टर. भुंगीच्या वेळी घेतलेली रजा त्या रविवारी संपत होती. तिच्या जागेवर आलेला बदली डॉक्टर चांगलाच रुळला होता आणि मोठे साहेब फोनवर साखर पेरत म्हणाले होते, की बाळ लहान आहे, जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा, हा आहेच. त्या 'आहेच'मुळे तिची झोप उडाली होती. एरवी उडवायला भुंगी होतीच म्हणा. तेव्हा काहीही होवो, सोमवारी सकाळी जीप सुरू होऊन फाटकाबाहेर पडायलाच हवी होती.

तिचे गोठे सगळे कच्च्या रस्त्यावर, डोंगराच्या अंगाखांद्यावर. परतताना हटकून दिवेलागण व्हायची, आणि जीपचे मूळचे दिवे असे, की काडी ओढून आधी ते लागलेत का हे बघावं. पोटुशी असताना एका संध्याकाळी तिने जीप चरात घातली होती. लागलं काही नाही. चराच्या काठावरच्या म्हशीने मात्र तिच्याकडे फार कीव करून पाहिलं होतं. तिने ती गोष्ट हसत सांगितली, नवरा हसला नाही. रजा संपत आल्यावर तो कुठूनसे परातीएवढे दोन जादा दिवे घेऊन आला आणि म्हणाला, "आम्ही दोघं इथे वाट बघणार. तू उजेडातून ये." अशा माणसाला नाही कसं म्हणणार?

घरात तिसरं मत आप्पांचं. आप्पा म्हणजे सासरे. शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झाले, पण व्याकरण निवृत्त व्हायला तयार नव्हतं. नातीला मांडीवर घेऊन ओसरीवरच्या खुर्चीत बसायचं आणि जगातली प्रत्येक नवी गोष्ट तपासून शेरा मारायचा, हा त्यांचा दिवस. शेरा ठरलेला. मोबाइल असो, मुलाची दाढी असो, नाहीतर पाकिटातलं पीठ, आप्पा म्हणणार, "याला काही अर्थ नाही."

नवरा सरकारी कचेरीत नकाशे काढतो. त्यामुळे बॉनेटवर आधी एक रंगीत नकाशा अंथरला गेला. त्यात वीज एखाद्या नदीसारखी बॅटरीत उगम पावून, बटणाला वळसा घालून दिव्यांना मिळत होती. आता नदी समुद्राला मिळाली की तिचं काम संपतं, विजेचं तसं नसतं. तिला परतीचीही वाट लागते. कामातली माणसं त्या परतीच्या वाटेला इंग्रजीतून 'अर्थ' म्हणतात, आणि गाडीत तिच्यासाठी पत्रा खरवडून तार थेट अंगाला आवळायची असते. पण बायकोच्या जीपचा रंग खरवडायचा नवऱ्याला धीर होईना. शोधता शोधता पुढच्या बाजूला एक काळी वायर त्याच्या हाती लागली. काळी म्हणजे अर्थ, जगात कुठेही जा, असं म्हणून त्याने दिव्यांच्या परतीच्या तारा तिला बांधून टाकल्या.

दुपारी बटण दाबलं. दिवे लागले नाहीत. पुन्हा दाबलं. बटण खाली दाबलेलंच ठेवून नवऱ्याने एका दिव्याला टपली मारली, मग दुसऱ्याला, मग जीपखाली शिरला. ओसरीवरून शेरा आला, "याला काही अर्थ नाही."

तिने आत जाऊन गुपचूप मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्रीची शेळी अडली होती तेव्हा तिनेच सोडवली होती, म्हणून रविवारी तिचा फोन तो उचलायचा. तो पाहुण्यांकडे जेवत होता. काय झालंय ते विचारलं. तिने घाईघाईत सांगितलं, की नवे दिवे लागत नाहीत, नवरा जीपखाली आहे आणि सासरे म्हणताहेत याला अर्थ नाही.

पलीकडे घास थांबला. "कोण म्हणतंय?"

"सासरे. सारखं तेच म्हणताहेत."

"मीटर लावून बघितलं त्यांनी?"

"छे हो. खुर्चीत बसून म्हणताहेत."

"खुर्चीत बसून ओळखलं?" मिस्त्रीचा आवाज एकदम खाली आला. "ताई, आम्हाला अर्धा दिवस जातो त्यात."

ती खुलासा करणार, तोच भुंगी रडायला लागली. मिस्त्रीने तेवढ्यात पुढचं विचारलं. बॅटरीचा बटणाशी थेट संबंध जोडलाय का, आणि त्यावर गुरुजींचं काय मत आहे? तिने खिडकीतून आप्पांना विचारलं. आप्पांचं मुलाशी सकाळपासून वाजलं होतं. ते जीपखालून बाहेर आलेल्या पायांकडे बघत म्हणाले, "थेट संबंध काय कामाचे? आमच्या दोघांच्या मधे कोणीतरी समजूतदार लागतं. थोडक्यात ऐकून मोठं काम करणारं."

"रिले," मिस्त्री पलीकडे पुटपुटला. "रिले म्हणताहेत ते, बटणाची हलकी खूण घेऊन दिव्यांचा सगळा भार उचलतो तो. आणि फ्यूज?"

फ्यूजबद्दल आप्पा म्हणाले, की काय उडायचं ते लहान असतानाच उडू द्यावं, मोठं झाल्यावर घर जाळतं. हेही मुलाबद्दलच होतं. मिस्त्रीने मात्र हात धुतले, निघालोच म्हणाला आणि बजावलं, की मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका.

हा निरोप घेऊन ती अंगणात आली आणि त्याच क्षणी पक्कड शोधायला जीपमध्ये वाकलेल्या नवऱ्याचं कोपर हॉर्नवर पडलं.

हॉर्न वाजला आणि दोन्ही दिवे लखकन पेटले! भर उन्हात ते असे तळपले, की समोरच्या भिंतीवरच्या मांजराने दोन्ही डोळे मिटून आत्मा देवाच्या स्वाधीन केला. कोपर उचललं. दिवे गेले. कोपर ठेवलं. हॉर्न आणि दिवे.

नवऱ्याच्या चेहऱ्यावर पहिलटकरणीची धन्यता पसरली. "म्हणजे लागतात," तो म्हणाला. "फक्त हॉर्न दाबून ठेवायचा."

डोंगरातून रोज संध्याकाळी कर्णा फुंकत उतरणारी आपण आणि वाट फुटेल तिकडे पळणारी आपलीच दुभती जनावरं, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून सरकलं. तिने काही बोलायच्या आत त्याने खात्रीसाठी एकदा दाबून बघितलं, आणि हॉर्न तिथेच चिकटला.

आता हात काढला तरी तो थांबेना. म्हणतात, बारा व्होल्टचा धक्का माणसाला बसत नाही. त्या दुपारी तो अख्ख्या गल्लीला बसला. शेजारच्या आजी दाताची कवळी हातात घेऊन गच्चीवर आल्या. समोरचा न्हावी एका गालावर साबण असलेल्या गिऱ्हाइकासकट रस्त्यावर उभा राहिला. भुंगीचं तोंड उघडं होतं, ती रडतेय हे सगळ्यांना दिसत होतं, ऐकू कोणालाच येत नव्हतं. आणि मग त्या रंगीत नकाशातली लाल नदी धुपायला लागली. बॉनेटच्या फटीतून दिव्यांकडे आलेल्या लाल वायरचं वेष्टण मऊ झालं, वाकलं, धुराची बारीक रेघ वर निघाली. नवऱ्याने बोट लावून बघितलं आणि ते तोंडात घातलं.

तिच्या डोळ्यांपुढे साहेबांचा तो 'आहेच' उभा राहिला. अडलेल्या गाईपुढे विचार करत बसायचं नसतं, हात घालायचा असतो. खराब रस्त्यांवर बॅटरीची पकड सैल व्हायची, म्हणून एक पाना कायम सीटखाली असे. तिने तो काढला, नकाशा बाजूला भिरकावला, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची काळी पकड उपसून काढली.

शांतता झाली. त्या शांततेत आधी भुंगी ऐकू आली, मग नवरा. "तू अंधारात येऊ नयेस, एवढंच होतं गं," तो बोट तोंडातच ठेवून म्हणाला.

चिडायचं तिने पुढे ढकललं. आधी बोट पाण्याखाली धरलं.

मिस्त्री आला तो जीपकडे न बघता सरळ ओसरीपाशी गेला आणि डोक्यावरची टोपी काढून आप्पांसमोर उभा राहिला. मग कामाला लागला. ती काळी वायर हॉर्नची निघाली. दिव्यांना परतीची वाटच नव्हती. हॉर्न दाबला, की तेवढ्यापुरती हॉर्नची वाट त्यांना उघडायची, आणि एवढा भार न पेलून ते बिचारं बटण आतून वितळून चिकटलं होतं. मिस्त्रीने हॉर्नचं बटण बदललं, पत्रा चांगला चकचकीत खरवडून तारा आवळल्या, मधे रिले घातला, बॅटरीपाशी फ्यूज बसवला.

तिला राहवेना. ती म्हणाली, "अहो, आप्पांच्या बोलण्यातला अर्थ वेगळा होता."

"वेगळाच द्यायचा असतो, ताई," मिस्त्री मान न उचलता म्हणाला. "हॉर्नच्या अर्थावर दिवे टाकले, म्हणून तर हे झालं."

सोमवारी जीप पहिल्या किल्लीला सुरू झाली. भुंगीला आप्पांच्या मांडीवर ठेवताना तिचे हात सुटता सुटेनात. ती फाटकाबाहेर वळली आणि सवयीने हॉर्न वाजवला, तेव्हा मागे सगळ्यांनी कान झाकले. बदली डॉक्टरने दवाखान्याच्या चाव्या तिच्या हातात दिल्या, जरा नाइलाजानेच.

संध्याकाळी डोंगर उतरताना तिने बटण दाबलं. रस्ता असा उजळला, की चराच्या काठावरची ती म्हैस पुरती दिसली, कीव न करता रवंथ करणारी. घराशी आली तर फाटकापाशी एक ट्रॅक्टर, एक टेम्पो आणि एक स्कूटर उभी. मिस्त्री टेम्पोखाली. खुर्चीत आप्पा, मांडीवर भुंगी. आप्पांनी चष्म्यातून स्कूटरकडे पाहिलं आणि म्हणाले, "याला काही अर्थ नाही." स्कूटरवाल्याने मान डोलावून सीट उचकटायला घेतली. जुन्या गाड्यांचं निम्मं दुखणं तेच असतं, त्यामुळे आप्पा सहसा चुकत नाहीत.

तिने धावत जाऊन भुंगीला उचललं. विचारलं, "खूप रडली का हो?"

"रडली की," आप्पा म्हणाले. "पण तिच्या रडण्याला अर्थ होता."

"मग काळजी नाही, ताई," टेम्पोखालून आवाज आला. "अर्थ पक्का असला, की बाकी सगळं चालतं."