समिधाला गृहस्थ हवेत

"बिनदातांचा एक म्हातारा शोधायला असं कितीसं लागतं? शुक्रवारपर्यंत दारात उभा करते!"

द्वारकाबाईंनी हातातला डाव उगारून जाहीर केलं, आणि कुवेतमधल्या महबूला भागातल्या त्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एका भल्यामोठ्या घोटाळ्याला सुरुवात झाली.

त्यांची लेक समिधा डेंटिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेला बसायचं तर एका तरी बोळक्या तोंडाला आपल्या हाताने वरची-खालची कवळी करून बसवायची, असा कॉलेजचा नियम. पेशंट ज्याचा त्याने आणायचा! आता कुवेतमध्ये बोळकं तोंड आणायचं कुठून? आपली माणसं नोकरी संपली, इकामा, म्हणजे राहायचा परवाना, संपला की दात पडायच्या आत मायदेशी परततात. आणि इथल्या आजोबांच्या तोंडात समिधाच्या बाबांच्या गाडीहून महागडे दात! वर्गातल्या आफियाने स्वतःची आत्या पटकावली होती. समिधाची मात्र अशी दशा, की मॉलमध्ये कुणी म्हातारा जांभई देताना दिसला तरी ती आशेने वळून बघायची.

द्वारकाबाईंनी मराठी मंडळींच्या ग्रुपवर मेसेज टाकला. 'आमच्या समिधासाठी वयस्कर गृहस्थ तातडीने हवे आहेत. दात नसल्यास उत्तम. स्वभाव सोशिक असावा. येण्याजाण्याची सोय आम्ही करू.'

पाच मिनिटांत दत्तप्रसादांना, म्हणजे समिधाच्या बाबांना, ऑफिसात पहिला फोन आला. "दत्ताभाऊ, पोरीचा काही प्रॉब्लेम असेल तर मोकळेपणानं बोला. पण अशी घाई करू नका हो!"

दत्तप्रसाद 'बरं' म्हणाले. कशाला बरं म्हणालो, हे त्यांना घरी पोचेपर्यंत कळलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात कडक इस्त्रीचा सफारी, अत्तराचा घमघमाट आणि हातात खजुराचा डबा घेतलेले एक आजोबा!

"मी त्र्यंबकराव. नाशिकचा. मुलाकडे आलोय, व्हिजिट व्हिसावर. त्या मेसेजबद्दल..."

ते बोलले, आणि समिधाला वर-खाली नुसत्या गुलाबी हिरड्या दिसल्या. तिचे डोळे पाणावले. एवढं देखणं तोंड तिने पुस्तकातही पाहिलं नव्हतं!

"या, या! आम्ही तुमचीच वाट बघतोय!"

त्र्यंबकराव लाजले. समिधा नावाच्या कुणी एकट्या, प्रौढ बाई असणार आणि ही चुणचुणीत पोर त्यांची भाची असणार, असं ते टॅक्सीतच ठरवून आले होते. समिधाला यातलं काय ठाऊक! ती समोर बसली आणि तिने दातांची हिस्टरी घ्यायला सुरुवात केली.

"आजोबा, जाऊन किती वर्षं झाली?"

त्र्यंबकरावांनी सुस्कारा सोडला. "आठ."

"हळूहळू, की एकदम?"

"एकदम गं. सकाळी चहा झाला, आणि... हार्ट."

समिधा गोंधळली. हार्टने दात जातात? एकदम? चहानंतर? हा धडा आपण वगळला की काय!

"मग इतकी वर्षं मॅनेज कसं केलंत?"

"मुलगा-सून आहेत. पण दिवसभर फ्लॅटमध्ये एसीच्या घरघरीशिवाय आवाज नाही. एकटं माणूस काय करणार?"

एकटेपणाचा दातांशी काय संबंध, ते समिधाला कळेना. तरी तिने मान हलवली. पेशंटला बोलू द्यावं, असं कॉलेजातल्या डॉ. कुबरांनी शिकवलं होतं.

"डोन्ट वरी. आता आपण नवीन बसवू." कवळीला मराठीत काय म्हणतात, ते तिला ऐनवेळी आठवेना.

"पण या वयात जमेल का?"

"सगळ्यांना जमतं. आधी थोडं टोचतं, मग सवय होते. जेवताना मजा येते. फक्त रात्री झोपताना काढून ग्लासात, पाण्यात ठेवायची."

त्र्यंबकरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"कुणाला?"

एवढ्यात पोह्यांचा ट्रे घेऊन द्वारकाबाई बाहेर आल्या. त्र्यंबकराव धडपडत उठले, हात जोडले. "नमस्कार, समिधाताई!" आणि त्यांच्यापाठोपाठ बर्म्युडा सावरत, जांभई देत दत्तप्रसाद! "नमस्कार. मी हिचा नवरा."

त्र्यंबकरावांनी एकदा पोह्यांकडे पाहिलं, एकदा बर्म्युडाकडे. "म्हणजे... हे अजून आहेत?"

मग एकच कल्ला! द्वारकाबाई मेसेज मोठ्याने वाचू लागल्या आणि 'सोशिक'पर्यंत येऊन मटकन खाली बसल्या. दत्तप्रसादांना ऑफिसातला तो फोन आत्ता कळला! आणि त्र्यंबकराव कानापर्यंत लाल होऊन दाराशी चपला शोधू लागले.

"आजोबा, प्लीज!" समिधा आडवी आली. "सॉरी! पण तुम्ही गेलात तर माझं वर्ष जाईल. मला फक्त तुमचं तोंड हवंय!"

त्र्यंबकराव थांबले. "बघ, बाई. या वयात कुणीतरी बोलावलं, म्हणून आलो. हसं झालं माझं." मग पोह्यांचा वास त्यांच्यापर्यंत पोचला असावा. "मऊ आहेत का?"

त्या दिवसापासून ते दर आठवड्याला क्लिनिकच्या खुर्चीत हजर! माप घेताना तोंडात लगदा भरला तरी गप्पा सोडायचे नाहीत. समिधाला एक शब्द कळायचा नाही, पण ती 'हो आजोबा' म्हणायची.

शेवटी कवळी बसवायचा दिवस आला. शेजारी डॉ. कुबरा मार्क द्यायला पेन घेऊन उभ्या. समिधाने आरसा दिला. त्र्यंबकराव बघतच राहिले.

"अरे, हा तर आमचा अण्णा!"

"कोण अण्णा?"

"थोरला भाऊ. वडिलांच्या झोपाळ्यावरून भांडलो आणि बोलणं बंद केलं. हुबेहूब त्याचं तोंड दिलंस की गं मला!" त्यांनी खिशातून मोबाईल काढून तिच्या हातात कोंबला. "लाव फोन. चेहरा दिसतो तसला लाव!"

नाशिकहून एक पांढऱ्या मिशांचा चेहरा पडद्यावर उगवला. त्र्यंबकराव नुसते नवे दात दाखवत राहिले. पलीकडचा चेहरा चिडून म्हणाला, "इतक्या वर्षांनी फोन केलास, तो मला दात विचकून दाखवायला?"

आणि दोघेही सुरू झाले. हसतायत की रडतायत, समिधाला काही कळेना. डॉ. कुबरांनी इंग्रजीत विचारलं, "पेशंट समाधानी आहे का?" समिधाने नुसतं खुर्चीकडे बोट दाखवलं.

डॉ. कुबरा वाकल्या, त्या हुंदक्यांत आणि खिदळण्यात वरची कवळी जराही हलत नाही हे त्यांनी नीट पाहिलं, आणि पूर्ण मार्क दिले.