कल्याणी सिस्टरांची प्रसूतिगृहावरील स्वारी

सकल सुज्ञ वाचकांचे हुजुरात अर्ज ऐसा जे, पुणे शहरी, नगर रस्त्यावर, जेव्हा काचेच्या कचेऱ्या कुत्र्याच्या छत्र्यांप्रमाणे उगवत होत्या आणि वाघोलीकडील शेते सदनिका होऊन विकली जात होती, तेव्हा एका इस्पितळी जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीकत येथे लिहिली असे. लिहिणाराने रण पाहिले ते कॅन्टीनच्या खिडकीतून, परंतु बखरीत ऐसी कबुली देण्याचा रिवाज नाही.

कल्याणी सिस्टर, राहणार येरवडा, यांनी ऐन उमेद चौथ्या मजल्यावरील हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागी खर्ची घातली. तेथील रयत निमूट पडून असे, यंत्रे तेवढी बोलत, आणि बाईंचा एकच हुकूम अष्टौप्रहर जारी असे, की जोर करू नका, हलू नका, खोकलासुद्धा जपून खोका. अंमल मोठा कडक. परंतु तेथून माणसे दोन वाटांनी जात, आणि दुसऱ्या वाटेने गेलेल्यांचे चेहरे बाईंस घरी भाकरी थापतानाही दिसू लागले. मग मन विटले. जाणारे पुष्कळ पाहिले, आता कोणी येताना पाहावे, ऐसे मनी धरून त्यांनी तळमजल्यावरील प्रसूतिगृहाची चाकरी मागितली. मेट्रनबाईंनी फर्माविले, की तेथे यंत्रे थोडी आणि आरडाओरडा फार, झेपेल काय? बाईंनी, त्यात काय मोठे, ऐसा जबाब दिला. ती शुद्ध फुशारकी होती.

मग नवा गणवेश परिधान करून स्वारी तळमजल्यावर दाखल जाहली. तेथील सरदारीण मुक्ताई सिस्टर, बोलणे मोजके आणि तेही तिखट. पहिल्याच मोहिमेत बाळ दारापाशी आले, सर्वांनी ‘जोर करा’ ऐसा एकच गलबला केला, आणि त्या गलबल्यात कल्याणी सिस्टर बाळंतिणीचा हात धरून मोठ्या मायेने वदल्या, “ताई, अजिबात जोर करू नका. शांत पडून राहा.” ती बिचारी पडून राहिली. अवघी चढाई थबकली.

“मग काय सिस्टर, कुरिअरनं मागवायचं का बाळ?” मुक्ताई म्हणाल्या.

दुसऱ्या मोहिमेसही तेच घडले. तेव्हा मुक्ताईंचा निर्वाणीचा हुकूम सुटला, की हे शब्द पुन्हा कानी आले तर बाईंनी आपला डबा उचलून चौथ्या मजल्यावर कूच करावे. बाईंस ते चेहरे पुन्हा पाहावयाचे नव्हते. म्हणोन त्या येरवड्याहून बसने येता ‘जोर करा, जोर करा’ ऐसे पुटपुटू लागल्या, आणि शेजारील गृहस्थ गर्दी नसताही उठून उभे राहिले.

ऐशात भाग्यश्री नामे संगणक कंपनीतील बाई दुपारी कळा घेऊन दाखल जाहल्या. यजमान तेजस दाराबाहेर मांडीवर लॅपटॉप घेऊन तळ देऊन बसले. त्यांनी पुसले, “सिस्टर, ईटीए काय आहे?”

“तुमच्या प्रोजेक्टसारखंच,” कल्याणी सिस्टर म्हणाल्या. “येईल तेव्हा येईल.”

डॉक्टरीणबाई येरवड्याच्या चौकात वाहनांच्या कोंडीत सापडलेल्या, म्हणोन मुक्ताईंनी मोहीम स्वतः हाती घेतली. कल्याणी सिस्टर उशाशी उभ्या राहोन ‘जोर करा’ ऐसे बिनचूक गर्जत होत्या, आणि मनी आपणच आपली पाठ थोपटीत होत्या. डोके बाहेर आले. तो मानेभोवती नाळ गुंडाळलेली दिसली. ती पाहताच बाईंचे काळीज चौथ्या मजल्यावर गेले आणि जीभही मागोमाग गेली.

“ताई, जोर करू नका!”

मग त्यांनी जीभ चावली. भाग्यश्रीबाई थांबल्या, धापा टाकू लागल्या, आणि तेवढ्या अवकाशात मुक्ताईंनी बोट घालून नाळ डोक्यावरून अलगद सोडविली.

“हं,” मुक्ताई वर न पाहता म्हणाल्या. “या वेळी बरोबर. हेच सांगणार होते. आता करू द्या जोर.”

पुढे इस्पितळात बोलवा जाहली, की बाईंनी प्रसंग ओळखून नामी मसलत लढविली. बाईंनीही ती फारशी खोडून काढिली नाही. ती मसलत नव्हती, जुनी सवय होती, हे त्या, त्यांची जीभ आणि ही बखर इतकेच जाणतात.

मुलगी जाहली. ती ऐसी रडली की भिंती दुमदुमल्या. चौथ्या मजल्यावर कोणी रडू लागले की इतर रुग्णांनी ऐकू नये म्हणोन दार लोटून घ्यावे, ही बाईंची इतक्या वर्षांची रीत. हात सवयीने दाराकडे गेलाच. मग त्यांनी ते सताड उघडले आणि तेजसरावांस लॅपटॉप खाली ठेवून नीट ऐकण्याची आज्ञा केली.

ऐसी फत्ते जाहली. डबा तळमजल्यावरच राहिला. दार लोटले नाही, हे दफ्तरी नमूद केले असे.