मामाचा फ्रीज

मल्लिनाथनं एकदा डोकं चालवायचं ठरवलं, की त्याला अडवणारं माणूस अख्ख्या जुळे सोलापुरात सापडलं नसतं. बायको धनलक्ष्मी अडवायची, पण तिचं ऐकतो कोण!

लेक अंकिताला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. फी मात्र आवाक्याबाहेरची. चादरीच्या दुकानातल्या पगारातून जे काही साठवलं होतं, ते वळसंगच्या बहिणीला, गौरम्माला, तिच्या पिंकीच्या लग्नासाठी उसनं दिलेलं. आता आशा एकच, गरजू घरातल्या पोरींची फी भरणारा एक ट्रस्ट. त्यांचा माणूस रविवारी घर बघायला येणार होता.

"घरात फ्रीज अन् वॉशिंग मशीन बघितल्यावर आपल्याला गरजू कोण म्हणंल?" मल्लिनाथ म्हणाला. "दोन्ही गौरम्माकडं पाठवतो. लग्नघर हाय, सामानाच्या गर्दीत कुणाला पत्ता लागायचा न्हाय! मास्टर प्लॅन हाय हा!"

धनलक्ष्मीनं कपाळाला हात लावला. "अहो, लग्नघरात कुणी फ्रीज लपवतं का? जे हाय ते खरं सांगा की!"

"खरं सांगून फी भरली जाते व्हय? तू गप बस!"

शनिवारी टेम्पो आला. फ्रीजला ओरखडा नको म्हणून मल्लिनाथनं त्याला कोरी करकरीत चादर गुंडाळली, वरून दोरी बांधली आणि गौरम्माला फोन लावला. "टेम्पो पाठवलाय. सामान उतरवून घे. अन् माझं नाव कुठं काढू नको."

"अण्णा!" एवढंच म्हणाली ती, आणि रडायलाच लागली.

बहीण पहिल्यापासून हळवीच, असं म्हणत मल्लिनाथनं फोन ठेवला.

रविवारी भर दुपारी ट्रस्टचे प्रभुलिंग मास्तर घामानं निथळत हजर! सोलापूरचा मे महिना तो. मास्तर आल्या आल्या म्हणाले, "थंड पाणी मिळंल का हो?"

"थंड कुठलं, मास्तर! गरिबाच्या घरी नळाचं पाणी." मल्लिनाथनं आवाज इतका बारीक केला, की कोण रडतंय ते बघायला धनलक्ष्मी स्वयंपाकघरातून धावत आली.

मास्तरांनी घरभर नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पाहुणे, एक अडचण हाय. परवा मी फोन केला, तवा तुमची मुलगी म्हणाली, घरात फ्रीज हाय, वॉशिंग मशीन हाय, साठवलेले पैसे आत्याला उसने दिलेत. हितं तर यातलं काहीच दिसंना! मुलगी खोटं बोलली व्हय? खोटं बोलणाऱ्याला आमचा ट्रस्ट मदत करत न्हाय."

मल्लिनाथच्या पायाखालची जमीन सरकली. अंकिता दारात उभी होती. "अप्पा, मी सगळं खरंच सांगितलं होतं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

ते बघून मल्लिनाथ ताडकन उठला. प्लॅन गेला खड्ड्यात!

"मास्तर, पोरगी खरं बोलली! खोटारडा मी हाय! फ्रीज बहिणीकडं लपवलाय!"

"कशावरून? आता मी कुणावर विश्वास ठेवू?"

"थांबा, दाखवतोच!" मल्लिनाथनं घाईघाईनं व्हिडिओ कॉल लावला.

पलीकडं मांडवात बायकांचा घोळका, आणि मधोमध फ्रीज! त्याला हळदीकुंकू लावलेलं, गळ्यात म्हणावं तर गळा नव्हता, पण हार घातलेला. वॉशिंग मशीनवर नारळ.

"अण्णा!" गौरम्मा ओरडली. "मामाचा आहेर असावा तर असा! नाव काढू नको म्हणालास, पण राहवतंय व्हय? साऱ्या गावाला सांगितलं! नवऱ्याकडच्या मंडळींनी तोंडात बोटं घातली. उद्या पिंकीसोबत अकलूजला तिच्या सासरी पाठवते सगळं!"

"अगं, पण तो वापरलेला..."

"म्हणून तर मला रडू आलं! स्वतःच्या घरातला काढून दिलास! अन् ते उसने पैसे पण देते हां दिवाळीपर्यंत, विसरले न्हाय मी!"

तेवढ्यात हळद लागलेली पिंकी पुढं आली. "मामा!" म्हणून तिनं फोनलाच नमस्कार केला. आता फ्रीज परत कुठल्या तोंडानं मागायचा! मल्लिनाथनं गुपचूप हात वर करून आशीर्वाद दिला.

मास्तर पोट धरून हसत होते. "पटलं! फ्रीज बघितला, उसने पैसे पण ऐकले. अंकिताची फी ट्रस्ट भरंल, पण ती पोरीच्या खरेपणावर हां, तुमच्या नाटकावर न्हाय. अन् फ्रीज कशाला लपवायचा हो? आमी घरातला पगार अन् शिल्लक बघतो. फ्रीज तर माझ्या घरी पण हाय!"

धनलक्ष्मी नवऱ्याकडं बघत होती. मग तिनं नळाच्या पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

मास्तर चप्पल घालता घालता थांबले. "अजून काही सांगायचं राहिलंय का?"

मल्लिनाथ डोकं खाजवत पुढं आला.

"आता खरंच बोलायचं ठरलंय म्हणून सांगतो, मास्तर... त्या फ्रीजचे हप्ते अजून चालूच हायेत."